हॉलमधला मुक्काम

गाफील माणसाला निसर्ग क्षमा करत नाही, असं विमा एजंट काका गंभीरपणे सांगत. निसर्ग त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता.

काकूंनी बजावलं होतं, घरात तालीम नीट पार पडली, तरच जंगलात मुक्काम. म्हणून भर दुपारी दाराला आतून कडी घालून काकांनी सोफ्यासमोर तंबू उभारला. घरात दोघंच, दोघंही तंबूत शिरली.

"साप आला तर?" काकूंनी विचारलं.

"आधी तंबूची चेन लावायची."

चेन सावकाश वरपर्यंत लागली.

"वा, चपळ आहात की!"

काकांच्या दोन्ही हातांत प्रथमोपचाराची पेटी होती. "अगं, मला वाटलं तूच लावलीस."

बाहेर सोफा करकरला. टीव्ही सुरू झाला. मग, आतल्यांना त्रास नको म्हणून असेल, आवाज कमी झाला.

"अहो," काकू कुजबुजल्या, "जंगलातच जाऊ या."

अशा रीतीने काकांना परवानगी मिळाली.