रिकामा चौथरा

"मग ठरलं तर," दिगंबरराव म्हणाले. "एकाच चौथऱ्यावर दोन पुतळे. आबासाहेब आणि नानासाहेब, शेजारी शेजारी."

मंडळाच्या खोलीत पहिल्यांदाच कोणी कोणाला अडवलं नाही. नानासाहेबांच्या बाजूने दोन वर्षं भांडणाऱ्या यज्ञेश्वरनेही मान डोलावली. दोन्ही पुढारी कधीच वारले होते. जुनी माणसं सांगत, हयातीत ते रोज संध्याकाळी एकमेकांकडे चहाला जायचे.

पद्मजा खिडकीपाशी बसली होती. तिचं अर्धं लक्ष खाली बोळात होतं. तिच्या लेकीचा, हेमाचा, तबल्याचा क्लास सुटायची वेळ झाली होती. नऊ वर्षांची हेमा हल्ली एकटी घरी यायची. पूर्वी नाही. पूर्वी बोळात अंधार असायचा आणि तोंडाशी पत्ते कुटणारं टोळकं. दिव्यासाठी पद्मजाने अर्ज केले, नगरसेवकाकडे खेटे घातले. सासूबाई म्हणाल्या, क्लासच बंद कर. दिवा काही लागला नाही.

मग बोळात चौथरा बांधला गेला. पुतळा कोणाचा यावरून भांडण पेटलं. कोणीतरी रात्रीतून चौथऱ्याची फरशी फोडली, आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांचे दोन मोठे दिवे आले, खुर्ची आली, खुर्चीवर हवालदार आला. टोळकं आपोआप उठलं.

तोच हवालदार मन्सूर आता दारात उभा होता. "मिटलं, बरं झालं. साहेबांना कळवतो. उद्यापासून पहारा बंद. दिवेही चौकीचे आहेत, ते घेऊन जाऊ."

"पुतळे बसले की महापालिका लावेलच की दिवे," कुसुमताई म्हणाल्या.

"पुढच्या चौकातल्या पुतळ्याला लावलेत?" मन्सूर म्हणाला. "त्याला जयंतीला अंघोळ, जयंतीला हार. मधल्या मधे त्याचा चष्मा गेला, ताई. कोणाच्या लक्षातही नाही."

सगळे हसले. दिगंबररावांनी पेढ्यांचा पुडा पुढे ओढला.

पद्मजाने पुन्हा खाली पाहिलं. चौथऱ्याच्या चारी बाजूंना लख्ख उजेड होता. बैठकीत ती कधी बोलायची नाही. शांत बाई म्हणून सगळे तिला मानायचे.

"एक विचारू का, काका? उजवीकडे कोण असेल?"

पुड्याचा दोरा सोडता सोडता दिगंबररावांचा हात थांबला.

"कोण म्हणजे? आबासाहेब. वयाने मोठे."

"वयाने?" यज्ञेश्वर उठून उभा राहिला. "तुरुंगात आधी कोण गेलं?"

"आणि सुटून आधी कोण आलं, तेही सांगा की."

पेढे तसेच राहिले. बैठक पुढच्या महिन्यावर गेली.

जिन्यात कुसुमताईंनी तिला गाठलं. "मिटत आलं होतं गं. कशाला मधे बोललीस?"

"चुकलंच माझं," पद्मजा म्हणाली.

खाली मन्सूरने मिटून ठेवलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि सुस्कारा टाकून बसला. बोळाच्या त्या टोकाकडून हेमा येत होती. उजेडातून, रमतगमत, दप्तरावर बोटांनी ताल धरत. पद्मजा धावत पुढे गेली नाही. चौथऱ्याशी थांबली. वरची धूळ तिने पदराने नीट पुसली आणि दोन्ही पुढाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

उजवं-डावं ही मंडळी महिन्याभरात मिटवतीलही. पण पहिला हार कोणाला घालायचा, हे तिने अजून विचारलंच नव्हतं.