शकूकाकीची पाठ

"कट," अजेय म्हणाला. "काकी, तुम्ही परत लांब गेलात."

शकूकाकी खाचरात वाकलेली होती. भात लावताना माणूस मागे मागे सरकतो आणि कॅमेरा होता समोरच्या बांधावर. प्रत्येक ओळीबरोबर ती लहान होत होती.

हर्षलाने घड्याळ पाहिलं. स्पर्धा पुढच्या शुक्रवारी होती: अठ्ठेचाळीस तासांत पाच मिनिटांची फिल्म. दोघांनीही याआधी एकही केली नव्हती. म्हणून आज तालीम, सहा तासांत दोन मिनिटं. त्या सहा तासांतली चाळीस मिनिटं उरली होती.

"काकी, पुढे येत लावा ना," अजेय म्हणाला. "कॅमेऱ्याकडे. चेहरा दिसेल."

"पुढं आले तर लावलेलं तुडवीन रं."

"नुसतं दाखवायचंय."

"सकाळपासून दोनदा तोंड धुवायला लावलंस. आता शेत पन तुडवू?"

"शहरात कुणाला कळणार आहे?"

"आपल्या पळसदरीत कळंल."

अजेय हर्षलाकडे वळला. "परीक्षकांना पहिल्या दहा सेकंदांत चेहरा लागतो. आपण भाविकाला घेऊ. कॉलेजच्या नाटकात होती. सांगू तसं करते."

"भाविकाने कधी भात लावलाय?"

"आपण फिल्म करतोय, शेती नाही."

"मी काकीलाच घेणार. ती लावते तसंच."

"मग माझा कॅमेरा नाही. शुक्रवारीही नाही."

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो स्टँडवरून कॅमेरा सोडवू लागला.

हर्षलाने चपला बांधावर ठेवल्या, तिथलीच एक काठी उचलली आणि वळसा घालून काकीच्या मागच्या बाजूने चिखलात उतरली. हातातली काठी तिने खोल रोवली. रोपांच्या जुड्यांचे पेंढ्याचे बंद पडले होते, त्यातले दोन घेऊन मोबाइल काठीला आवळला. बॅटरी एकतीस टक्के होती. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं.

"काकी, चालू दे तुझं."

"कवापासून चालूच हाय."

पडद्यावर आधी दूर एक पाठ दिसत होती. ओळीमागून ओळ ती मोठी होत आली. मग खोचलेल्या लुगड्याचा काठ दिसू लागला, पोटऱ्यांवरचा चिखल दिसू लागला. टाच उचलली की खळग्यात पाणी भरत होतं. हात दिसत नव्हते, पण पाठीच्या दोन्ही बाजूंनी हिरवं वाढत होतं. अकरा मिनिटांत पाठीने पडदा भरला.

"चेहरा कुठाय?" अजेयने बांधावरून विचारलं. बॅग खांद्याला लावूनही तो अजून गेला नव्हता. "नुसती पाठच आहे."

शकूकाकीने वळून पाहिलं नाही. तिची टाच काठीला लागली.

"सरक गं मागं," ती म्हणाली. "हितं रोप लागायचं हाय."

हर्षलाने काठी उपटली आणि रेकॉर्डिंग न थांबवता एक पाऊल मागे रोवली.