पाकिटातला गुलाब

स्वस्त अगरबत्तीचा गुलाब पाकिटातच संपतो. पेटवली की उरतो जळक्या भुशाचा वास. कारखान्यात माल तपासणाऱ्या काकूंना हे पंधरा वर्षांत तोंडपाठ झालं होतं, तरी प्रत्येक लॉटमधली एक काडी त्या जाळून बघत.

भर दुपारी त्यांनी रोजच्यासारखी खिडकी लावली, पंखा बंद केला, दाराला आतून कडी घातली. वारा लागला तर काडी भराभर जळते आणि वेळ चुकतो.

“काकू, पंचवीस मिनिटं जळली की पास करून टाका,” मालक बाहेरून ओरडले.

“जळेल हो, पण वासाच्या नावानं बोंब आहे!”

धूर सरळ वर चढत होता. मग तो वाकला आणि काकूंच्या खांद्यावरून मागे गेला. काडीचं टोक लालभडक झालं, मंदावलं, पुन्हा फुललं.

आपलाच श्वास लागत असेल, म्हणून काकूंनी श्वास रोखला. टोक तरीही त्याच लयीत फुलत राहिलं. खोलीत धूर कुठे साचतच नव्हता.

नवव्या मिनिटाला काडी संपली. काकूंच्या मागे हातभर अंतरावर भिंत होती. तरी वळून बघायची त्यांची छाती होईना.

“काकू, झालं का?”

त्या उत्तर देणार, तेवढ्यात मागून कुणीतरी रोखलेला श्वास हळूच सोडला. तो त्यांच्या मानेवर आला, ऊन ऊन, आणि त्याला गुलाबाचा घमघमाट होता.