वापराचा पुरावा

ग्रंथालयातल्या मोफत इंटरनेटचं सरकारी अनुदान बंद होणार, अशी कुणकुण ग्रंथपालबाईंना लागलीच होती. तपासणीला आलेले साहेब रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, “इथे तर शुकशुकाट आहे, बाई. वापरतं कोण हे?”

बाईंना ते झोंबलं. त्यांनी नोंदवही साहेबांपुढे सरकवून एका नावावर बोट ठेवलं. “सकाळी येऊन बघा की! ही रोज अकराच्या ठोक्याला हजर. परगावी नोकरी शोधते, भाड्याची खोली शोधते. कालच मी तिला दोन तिकिटं काढून दिली, तिचं आणि लेकीचं.”

साहेबांनी नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग शांतपणे अहवालावर सही केली.

“अनुदान चालू राहील,” ते म्हणाले. “रोज घरून मला सांगून निघते, बहिणीकडे जाते म्हणून. तिकिटं कधीची आहेत, बाई?”