पेन्सिलीची खूण

सुकाणूसमोरच्या फळीवर मेकॅनिक प्रज्योतने केलेली पेन्सिलीची खूण मृणालीच्या डोळ्यांपेक्षा वीतभर उंच होती. रडार आणि समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा तिथे बसणार होता, तिच्या बाबांच्या डोळ्यांसमोर. हल्ली थळच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन असतानाही बाबा "धुकं हाय" म्हणत. म्हणून दुकानात तिने सगळ्यांत मोठा पडदा निवडला होता. "आपली शिडाची बोट मी चालवते," असं ती कधीपासून म्हणत होती आणि बाबा नुसतं "बघू" म्हणत.

प्रज्योतने ड्रिल उचललं. "काका, हितंच ना?"

बाबांनी डोळे बारीक करून खूण शोधली. मग लेकीकडे पाहिलं.

"न्हाय रं. वीतभर खाली घे. बोट आता ही चालवणार हाय."