कापलेलं कुंपण

कुंपण मोडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. तारेची टोकं उन्हात चकाकत होती आणि तिथून खुरांची वाट गुडघाभर बर्फातून सरळ शेजारणीच्या बार्नकडे, तिच्या मोठ्या लाकडी कोठाराकडे गेली होती.

आसावरी गाडीचं दार उघडं टाकूनच पुढे धावली. श्रीरंग मागून म्हणत होता की आधी गोठा बघू या. तिने ऐकलं नाही. गोठ्यात काय बघायचं, शेळ्या कुठे गेल्या ते दिसतंच होतं.

काल दुपारी दोघं नोव्हाय शहरात मराठी मंडळींकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. शेळ्यांना भरपूर चारा टाकला होता, गोठ्याला कुलूप लावलं होतं. रात्रीपर्यंत परतायचं ठरलं होतं, पण वादळ अंदाजाच्या आधीच आलं आणि हायवे बंद झाला. तो आज दुपारी उघडला.

आणि तेवढ्यात शेजारच्या लॉर्नाने डाव साधला होता. आसावरीला जराही शंका नव्हती. आयटीतल्या नोकऱ्या सोडून त्यांनी ही पाच एकर जागा घेतली, तेव्हापासून ही सत्तरीची बाई त्यांच्या मागे लागली होती. शेळ्या ओरडतात म्हणून टाउनशिपकडे, म्हणजे गावच्या कचेरीत पहिली तक्रार. वास येतो म्हणून दुसरी. बोकडाने सफरचंदाच्या झाडाची साल खाल्ली म्हणून तिसरी. प्रत्येक वेळी आसावरीने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. आज ती ऐकून घेणार नव्हती. पोलिसांना बोलवायचं तिने चालता चालताच ठरवलं.

बार्नचं दार तिने लाथेने ढकललं. आत ताज्या पेंढ्यावर तिच्या शेळ्या बसल्या होत्या. मधोमध लॉर्ना गुडघ्यांवर बसली होती, पाठमोरी.

"माझ्या जागेत शिरायचं, कुंपण कापायचं, माझी जनावरं ओढून न्यायची. लाज नाही वाटत तुम्हाला?"

लॉर्नाने मान वळवली नाही.

"हळू बोला," ती म्हणाली. "हिला कळा लागल्यात. दिवस भरायच्या आधीच."

तेव्हा आसावरीला तिचे हात दिसले. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली होती आणि त्यांतून रक्त पाझरत होतं.

श्रीरंग धापा टाकत दारात आला. गोठ्याचं छप्पर बर्फाच्या ओझ्याने आत कोसळलं होतं, तो सांगू लागला. पुढची भिंत उभी होती, दाराला कुलूप तसंच होतं. मागच्या फळ्या कुणीतरी कुऱ्हाडीने फोडल्या होत्या. आत चंदी पडली होती, त्यांनी विकत घेतलेली पहिली, पांढरी शेळी. ती गेली होती.

आसावरी शेळ्यांकडे वळली. तिने मोजल्या. चौदातल्या तेरा.

लॉर्ना शेळीच्या पोटावरून हात फिरवत सांगत राहिली. सकाळी तिच्या खिडकीतून छप्पर वाकलेलं दिसलं होतं. फाटक बर्फात गाडलं गेलं होतं म्हणून तिने तार कापली. दाराचं कुलूप मात्र तिला तोडता आलं नाही. फळ्या फोडण्यात तास गेला. एकेकीला बाहेर काढता काढता छप्पर खाली आलं. पांढरी शेळी सगळ्यात आत होती.

"सात वाजल्यापासून तुम्हाला फोन करत होते," लॉर्ना म्हणाली. आता तिच्याही आवाजात राग होता. "किल्ली कुठे ठेवता, एवढंच विचारायचं होतं."

श्रीरंगने आसावरीकडे पाहिलं. तिने फोन काढला. सकाळपासून एकही मिस्ड कॉल नव्हता. असणारच नव्हता. तिसऱ्या तक्रारीच्या दिवशी तिनेच लॉर्नाचा नंबर ब्लॉक केला होता.