कुवेतची खबर

१९९१च्या फेब्रुवारीत महिपत शहाडच्या वृद्धाश्रमात आईला भेटायला पहिल्यांदाच आला. सात महिन्यांपूर्वी तिला इथं आणून सोडायचं कामही त्यानं मेहुण्यावर ढकललं होतं. कोपरहून तासाभराची वाट, पण सवड म्हणून काही झाली नव्हती.

ओसरीवर सगळी म्हातारी मंडळी रेडिओला कान लावून बसली होती.

महिपतनं आईचं नाव सांगितलं. "भागीरथीबाईंकडे आलात?" त्यांच्यातल्या परशुरामआजोबांनी विचारलं. "बिचारीचा मुलगा कुवेतला लढाईत अडकलाय हो. एकुलता एक. नाहीतर आईला असं कोण टाकतं? आम्ही सगळे रोज संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करतो. तुम्ही कोण त्यांचे?"

कुवेत सोडाच, महिपत कधी पुण्याच्या पुढे गेला नव्हता.

तेवढ्यात आई दारात आली. त्याला पाहून ती थबकली. मग पदर सावरत म्हणाली, "हे आमचे कोपरचे शेजारी. माझ्या पोराची खबर घेऊन आलेत." आणि त्याच्याकडे वळून तिनं विचारलं, "सांगा ना भाऊ, सुखरूप आहे ना माझा पोर?"

महिपतला मान वर करवेना. तो कसाबसा "हो" म्हणाला.



सगळ्या ओसरीनं टाळ्या वाजवल्या, आणि आनंदाच्या बातमीची पहिली चिमूटभर साखर परशुरामआजोबांनी त्याच्याच तोंडात घातली.